काळजी कुठं संपते आणि ताबा कुठं सुरू होतो?



एरवी या वेळेला आपण कर्जाचा हप्ता, शेळ्यांचं लसीकरण, सोयाबीनचं घरचं बियाणं असल्या विषयांवर बोलतो. आज मी पुस्तकांवर बोलणार आहे. तीही कोणती, तर ज्यांत शेवटी सगळं गोड होत नाही अशी. बाईच्या मनावर दुसरं कोणीतरी ताबा कसा मिळवतं, किंवा ती स्वतःच एखाद्या माणसाच्या ध्यासात कशी अडकते, हे सांगणाऱ्या कथा-कादंबऱ्या.

तुम्ही म्हणाल, आमच्याच घरात काय कमी रडगाणं आहे, ते आणखी पुस्तकात कशाला वाचायचं? प्रश्न बरोबर आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. मारहाण झाली तर अंगावर वळ उठतो, शेजारीपाजारी बघतात. मनावरचा ताबा दिसत नाही. ज्या बाईवर तो चालतो तिलाही पुष्कळदा कळत नाही, कारण तो प्रेमाच्या, काळजीच्या, घराच्या अब्रूच्या नावाखाली येतो. ही पुस्तकं तो ताबा उघडा करून दाखवतात. आणि दुसऱ्या बाईच्या गोष्टीत बघितलं की आपल्या घरातलंही ओळखू येतं.

हे दुःख सांगणं आपल्याला नवीन नाही

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. सासूचा जाच, नवऱ्याचा धाक, माहेरची आठवण, सगळं त्या ओवीत घालायच्या. उजेडी ज्या गोष्टी बोलायची सोय नव्हती, त्या जात्याच्या घरघरीत बोलल्या जायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एवढ्या बायांनी एवढं गायलं, म्हणजे मन मोकळं करायची गरज किती मोठी होती बघा. पुढं पिठाची गिरणी आली. जातं माळ्यावर गेलं. दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं, पण बोलायची ती जागाही गेली. कादंबरी गटात मिळून वाचली तर ती जागा थोडीफार परत मिळू शकते.

आपल्या बोलीत या गोष्टींना शब्दही आहेत. एखाद्याचा नाद लागला, खूळ लागलं, त्यानं पछाडलं असं आपण म्हणतो. एखादा बायकोला मुठीत ठेवतो, कह्यात ठेवतो, असंही म्हणतो. शब्द आहेत, पण ते आपण हसत-हसत वापरतो. त्यांच्या आत काय भरलंय ते पुस्तकं दाखवतात.

यमू आणि दुर्गी

मराठीत हे काम फार जुन्या काळी सुरू झालं. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्यात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापून आली. लेखक पुरुष, पण गोष्ट सांगते यमू नावाची बाई, स्वतःच्या तोंडानं. लहानपण, लग्न, सासर असं ती सांगत जाते. नवरा भला मिळतो, तिच्या शिकण्याला साथ देतो. ते दोघं मुंबईत राहतात तेव्हाचे दिवस सुखाचे. मग नवरा जातो. आणि ज्या बाईला कालपर्यंत स्वतःचं मत होतं, तिच्या डोक्यावरचे केससुद्धा तिचे राहत नाहीत. तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन होतं. करणारे परके नव्हते, घरचेच होते, धर्माचं आणि अब्रूचं नाव घेऊन.

यमूची एक मैत्रीण आहे, दुर्गी. तिचा नवरा तिला सतत छळतो. दुर्गीची गोष्ट वाचताना एक लक्षात येतं. तिचे हाल सगळ्यांना माहीत असतात. माहेर, सासर, आळी, कोणापासून लपलेलं नसतं. तरी तिचं नशीब म्हणून सगळे गप्प बसतात. पुस्तकाच्या नावातला प्रश्न या गप्प बसणाऱ्यांना विचारलेला आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला. केशवपन गेलं, पण तो प्रश्न अजून जात नाही.

पिवळ्या कागदाची खोली

आता जरा लांब जाऊ. त्याच सुमाराला, म्हणजे १८९२ साली, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिल्मन या बाईंची एक दीर्घकथा छापून आली. तिच्या नावाचा अर्थ ‘पिवळा भिंतकागद’. श्रीमंत घरांत भिंतींना रंगाऐवजी नक्षीचा कागद चिकटवत, तो हा कागद.

गोष्टीतली बाई नुकतीच बाळंत झालेली आहे. तिचं मन लागत नाही, रडू येतं. नवरा डॉक्टर. तो म्हणतो, तुला काही झालेलं नाही, फक्त विश्रांती हवी. तो तिला एका भाड्याच्या मोठ्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज. काम करायचं नाही, लिहायचं नाही, कोणाशी जास्त बोलायचं नाही. तो ओरडत नाही, हात उचलत नाही. उलट लाडानंच बोलतो, लहान लेकराशी बोलावं तसं. ती म्हणते मला ही खोली नको, तो हसण्यावारी नेतो. ती म्हणते मला बरं वाटत नाही, तो म्हणतो मी डॉक्टर आहे, मला कळतं.

दिवसभर त्या भिंतीकडं बघत पडून राहिल्यावर तिला कागदाच्या नक्षीमागं एक बाई दिसायला लागते. वाकून, रांगत, बाहेर पडायला धडपडणारी. शेवटी आपली बाई तो कागद ओरबाडून काढते, तिला सोडवण्यासाठी. कागदामागची ती बाई म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

गिल्मनबाईंना स्वतःला बाळंतपणानंतर असा त्रास झाला होता. त्या काळच्या एका नामांकित डॉक्टरनं त्यांना हाच उपाय सांगितला होता: पडून राहा, लिहिणं-वाचणं बंद. त्यातून त्या वेडाच्या काठापर्यंत पोचल्या. म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली.

आपल्या गावात बाळंतीण उदास झाली, लेकराकडं बघेना, उगंच रडायला लागली, तर काय म्हणतात? बाहेरचं झालंय, नजर लागली, नाहीतर नखरे करते. खरं तर बाळंतपणानंतरची उदासी हा ओळखता येणारा, औषधानं आणि बोलण्यानं बरा होणारा आजार आहे. तिला कोंडून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली तिला मारलं, चटके दिले, तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

दिवा मंद होतो, आणि तो म्हणतो तुला भास होतो

१९३८ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचं एक नाटक आलं, ‘गॅसलाईट’. पुढं त्यावर सिनेमेही निघाले. त्यात एक नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. घरातल्या वस्तू स्वतः लपवतो आणि म्हणतो, तूच हरवल्यास, तुला आठवत नाही. त्या काळी घरात गॅसचे दिवे असत. तो लपूनछपून वरच्या मजल्यावर जाऊन तिथला दिवा लावायचा, की खालच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. तिला ते दिसायचं. पण ते बोलून दाखवावं, तर तिच्याच डोक्यात बिघाड आहे असं ठरायचं. हळूहळू तिलाच वाटायला लागतं, की आपलं डोकं फिरलंय.

समोरच्याला त्याच्याच डोळ्यांवर, त्याच्याच आठवणीवर शंका यायला लावणं, याला आज जगभर याच नाटकाचं नाव घेऊन ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. “मी असं म्हटलंच नव्हतं.” “तुला काही कळत नाही.” “तुझ्या माहेरीच सगळे असे डोक्यानं अधू.” एकदा ऐकलं तर भांडण म्हणून सोडून द्यावं. दहा वर्षं रोज ऐकलं तर बाई दुकानात दहा रुपयांचा हिशेब करायलाही घाबरते. गटाच्या बैठकीत सही करताना जिचा हात थरथरतो, ती प्रत्येक वेळी अडाणी असते असं नाही. तिला कोणीतरी रोज सांगितलेलं असतं, की तुला जमणार नाही.

रीटा: दुसऱ्याच्या हातात दिलेला जीव

आतापर्यंतच्या गोष्टींत ताबा ठेवणारा माणूस समोर होता. शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही १९९० मध्ये आलेली कादंबरी वेगळ्या ठिकाणी बोट ठेवते. रीटा मुंबईची, शिकलेली, कमावती. तरुण वयातच आईवडिलांचा आणि धाकट्या बहिणींचा भार तिच्यावर पडतो. ती नोकरी करते, सगळ्यांचं बघते. ऑफिसातल्या वरिष्ठाशी, साळवींशी तिचं नातं जुळतं. साळवींना बायको आहे, संसार आहे. वर्षांमागून वर्षं रीटा वाट बघण्यात घालवते. शेवटी ती मनानं कोसळते आणि दवाखान्यात पोचते. तिथं पडल्या-पडल्या ती आपलं सगळं आयुष्य उलगडून बघते. सरस्वती नावाची मैत्रीण तिच्याजवळ असते.

ही कादंबरी अवघड वाटते, कारण इथं कोणी कोंडून ठेवलेलं नाही. पगार रीटाच्या हातात, दार उघडं. तरी तिला बाहेर पडता येत नाही. तो भेटला तर दिवस चांगला, नाही भेटला तर दिवस वाया. आपल्या सुखाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली की असं होतं. लेखिका रीटाला नावं ठेवत नाही, पण तिचं लाडही करत नाही. घरच्यांनी तिला फक्त कमावण्यापुरतं जवळ केलं, प्रेम म्हणून काही वाट्याला आलं नाही, म्हणून जिथं थोडी ऊब मिळाली तिथं ती चिकटली. हे समजून घेतल्यावर आपणही तिला बदफैली म्हणून मोकळ्या होऊ शकत नाही.

याच कादंबरीवर २००९ मध्ये ‘रीटा’ हा मराठी सिनेमा निघाला. तो शांताबाईंच्या लेकीनं, रेणुका शहाणे यांनी केला. पल्लवी जोशी त्यात रीटा झाल्या आहेत. ज्यांना वाचणं जड जातं त्यांनी सिनेमा बघावा.

नांदेडच्या लेकीची ‘ब्र’

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. कविता महाजन यांचा जन्म १९६७ चा, नांदेडचा. त्यांची ‘ब्र’ ही कादंबरी २००५ मध्ये आली. ‘तोंडातून ब्र काढायचा नाही’ असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं, तोच हा ब्र.

कादंबरीतली प्रफुल्ला ही लग्नातून बाहेर पडलेली बाई. स्वतःच्याच घरात तिचा आवाज बंद झालेला. ती एका संस्थेत काम धरते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत गावोगाव फिरते. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. पुढं २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पण खुर्ची मिळाली म्हणून बोलू दिलं जातं असं नाही. सही बाईची, कारभार नवऱ्याचा नाहीतर गावातल्या पुढाऱ्याचा. कोणी स्वतःच्या डोक्यानं चालायला लागली की तिच्यावर अविश्वास ठराव, बदनामी, धाक. घरातला ताबा आणि गावातला ताबा एकाच जातीचा आहे, हे ही कादंबरी दाखवते.

मला या पुस्तकात सगळ्यांत मोलाची वाटते ती प्रफुल्लाच्या बदलण्याची रीत. तिला कोणी येऊन सोडवत नाही. दुसऱ्या बायांचं ऐकता-ऐकता, त्यांचं लिहिता-लिहिता तिचा स्वतःचा आवाज मोकळा होत जातो. आपल्या गटांचं कामही असंच चालतं, नाही का?

कविताताईंनी पुढं २००७ मध्ये ‘भिन्न’ लिहिली. एड्सच्या विळख्यात सापडलेल्या बायांचं जगणं त्यात आहे. ती ‘ब्र’पेक्षाही जड आहे, सावकाश वाचायची. २०१८ मध्ये वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या गेल्या.

मग ओळखायचं कसं?

या सगळ्या गोष्टी एकापुढं एक ठेवल्या, तर ताब्याच्या काही खुणा सारख्याच दिसतात. लक्षात ठेवायला सोप्या जावं म्हणून पाच सांगते.

पहिली खूण, माणसं तोडणं. आधी मैत्रीण, मग माहेर, मग गट. “तिच्या नादी लागू नको,” “माहेरी किती वेळा फोन करतेस.” दुसरी, पैसा आणि फोन. पासबुक, एटीएम कार्ड, मोबाईल तिच्या नावाचे, पण ठेवणार दुसरं कोणी. गटाचं कर्ज तिच्या नावावर, पैसे मात्र तिनं डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. तिसरी, पाळत. कुठं गेलीस, कोण भेटलं, उशीर का झाला, याचा मिनिटामिनिटाचा हिशेब. चौथी, तिच्या अकलेवर सतत शंका. पाचवी सगळ्यांत वाईट: बाई स्वतःच स्वतःवर पहारा ठेवायला लागते. कोणी घरात नसतानाही मोठ्यानं हसत नाही.

आता काळजी आणि ताबा यांत फरक काय? काळजी करणारा माणूस तुम्हाला विचारतो आणि तुमचं उत्तर ऐकतो. ताबा ठेवणारा उत्तर आधीच ठरवून विचारतो. पाऊस आहे, अंधार पडतोय, म्हणून मालक फाट्यावर घ्यायला आले, तर ती काळजी. बैठकीला जायचंच नाही म्हणाले, आणि गेलात तर चार दिवस घरात अबोला, तर तो ताबा.

एक गोष्ट स्पष्टच बोलते. ताबा फक्त पुरुषच ठेवतात असं नाही. सून काय नेसते, किती खाते, माहेराला काय देते यावर नजर ठेवणारी सासू असते. लेकाला मुठीत ठेवणारी आई असते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा मोबाईल रोज तपासणारी मीही असू शकते आणि तुम्हीही. पुस्तक वाचताना आपण नेहमी सोसणाऱ्या बाईच्या जागी बसतो. कधीतरी दुसऱ्या पाटावर बसून वाचावं.

गटात कसं वाचायचं

आपल्या गटांच्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. मनाचं आरोग्यही त्यातच आलं. महिन्यातल्या एका बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास पुस्तकाला द्या. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. एका वेळी दहा-बारा पानं पुष्कळ झाली. गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. वर्गणी काढून एक प्रत घेतली तरी साऱ्या गटाला पुरते.

वाचून झाल्यावर एवढंच विचारा: ही बाई कोणाला घाबरते? तिला आधी कोणी बघितलं होतं आणि कोण गप्प बसलं? आपण तिच्या शेजारी राहत असतो तर काय केलं असतं? पात्राबद्दल बोलता-बोलता ज्या बाईला बोलायचं आहे ती आपोआप बोलते. “ही तर तुझीच गोष्ट आहे,” असं कोणाला कधी म्हणू नका. आणि बैठकीत निघालेली गोष्ट पाणवठ्यावर जाता कामा नये. एकदा बाहेर गेली तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि ती गोष्ट घरी पोचली तर मार तिला बसेल.

एखादीला ऐकताना त्रास झाला, छातीत धडधडलं, जुनं काही वर आलं, तर वाचन थांबवा. तिच्याजवळ बसा. पुस्तक हे औषध नव्हे. पुस्तकानं फक्त दुखतंय कुठं ते कळतं, उपचार दुसरीकडं घ्यावे लागतात.

मदत कुठं मिळते

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक छळ, शिवीगाळ, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून केलेला अपमान, आणि पैसा अडवून धरणं हेही हिंसेत धरलं आहे. म्हणजे वळ नसला तरी तक्रार करता येते. तक्रार केली म्हणून राहत्या घरातून हाकलता येत नाही. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१ हा फोन क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीतही बोलता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. जीवावर बेतलं असेल तर ११२.

हे क्रमांक गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. जिच्या फोनवर पाळत आहे तिला स्वतःच्या मोबाईलवरून फोन करणं धोक्याचं असतं. अशा वेळी गटातल्या दुसऱ्या बाईचा फोन कामाला येतो. आणि कोणी सलग तीन बैठकांना आली नाही तर दंडाची पावती फाडायच्या आधी तिच्या दारात जा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. हळद-कुंकवाचं निमित्त करा, ताकाचं करा, पण तिला डोळ्यांनी बघून या.

पुढच्या महिन्यापासून ‘ब्र’चं वाचन सुरू करायला ज्या गटांची तयारी आहे, त्यांनी आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत तसं सांगावं. वाचणारी एक आणि ऐकणाऱ्या दहा मिळाल्या, तरी सुरुवात होते.